पिवळा शर्ट, हँडीकॅम आणि ९,३२९ मतं: व्हर्जिनियाची २००६ ची सिनेट निवडणूक

२००५ ते २००८ मी व्हर्जिनियात हर्नडनला होतो, एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे टॅक्स भरायचा, ट्रॅफिकमध्ये बसायचं आणि मत द्यायचं नाही. त्यामुळे सिनेटची, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाची, ही निवडणूक मी शेजारच्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशी ऐकली, भिंतीला कान लावून. तेव्हापासून कोणी "एका व्हिडिओने निवडणूक फिरवली" असं म्हटलं की मला हेच प्रकरण आठवतं, आणि ते तसं साधं नव्हतं हेही आठवतं. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. दोन्ही उमेदवार जगजाहीर आहेत, त्यांची नावं घेतोय. ज्या पोराच्या हातात कॅमेरा होता त्याचं नाव नेटवर सहज सापडतं पण इथे नको. माझ्या ओळखीच्या ज्या काकांचा उल्लेख येईल त्यांचंही नाही.

पार्श्वभूमी

एका बाजूला जॉर्ज ॲलन, रिपब्लिकन. १९९४ ते १९९८ राज्याचा गव्हर्नर, मग २००० साली चक रॉब या विद्यमान सिनेटरला पाडून सिनेटमध्ये. वडील वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमचे गाजलेले कोच. स्वतः वाढला कॅलिफोर्नियात, पण राहणी सगळी गावाकडच्या दक्षिणी माणसाची, पायात काउबॉय बूट, गालात तंबाखू, आणि सभेत फुटबॉल फेकून दाखवायची सवय. २००८ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायची तयारी चालली होती, सिनेटची ही दुसरी टर्म म्हणजे त्या वाटेवरचा टोलनाका, पैसे भरायचे आणि पुढे जायचं. जुलैच्या एका पोलमध्ये तो १६ टक्क्यांनी पुढे होता.

दुसऱ्या बाजूला जिम वेब. हा गडी विचित्र होता. व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन, नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालेला, कादंबरीकार, आणि रेगनच्या काळात नौदलाचा सेक्रेटरी, म्हणजे रिपब्लिकन सरकारात! २००० साली तर त्याने याच ॲलनला पाठिंबा दिला होता. पण इराक युद्धाला त्याचा २००२ पासून विरोध, त्यावरून तो डेमोक्रॅट झाला. मुलगा मरीनमध्ये, इराकला जाणार होता, त्याचे जुने कॉम्बॅट बूट घालून हा प्रचाराला फिरायचा. काउबॉय बूट विरुद्ध कॉम्बॅट बूट, पोस्टर वेगळं छापायची गरजच नव्हती.

एक गोष्ट आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या कायम लक्षात राहिली. जूनमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, वेबच्या समोर हॅरिस मिलर होता, आयटी कंपन्यांच्या संघटनेचा अनेक वर्षं प्रमुख राहिलेला लॉबिस्ट, एचवनबीचा कोटा वाढवा म्हणून वॉशिंग्टनमध्ये खेटे घालणारा. वेबच्या लोकांनी त्याला नोकऱ्या बाहेर घालवणारा माणूस म्हणून रंगवला, एक कार्टूनवालं पत्रक काढलं, मिलर ज्यू, त्यातलं त्याचं नाक बघून ज्यू लोकांनी आक्षेप घेतला तो वेगळाच. वेब साधारण ५३-४७ ने जिंकला, मतदान जेमतेम दीड लाख. म्हणजे आपल्या लोकांना वेबबद्दल प्रेम वाटायचं काहीच कारण नव्हतं, उलट आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मिलर हरला तेव्हा तोंडं उतरली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नेमकं झालं काय

शुक्रवार, ११ ऑगस्ट २००६. व्हर्जिनियाच्या पार नैऋत्य टोकाला, केंटकीच्या हद्दीला चिकटून ब्रेक्स नावाचं पार्क आहे, तिथे ॲलनच्या समर्थकांची पिकनिक. ॲलन राज्यभर दौरा करत होता आणि त्याच्या मागे मागे वेबच्या कॅम्पेनचा एक विशीतला पोरगा, हातात छोटा हँडीकॅम. याला तिथे ट्रॅकर म्हणतात. काम एकच, समोरचा उमेदवार जाईल तिथे जायचं, प्रत्येक भाषण शूट करायचं आणि तो कधी घसरतोय याची वाट बघायची. यात लपवाछपवी काही नसते, दोन्ही पक्ष करतात, आणि ट्रॅकर कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

पोरगा भारतीय वंशाचा, जन्म आणि शाळा आमच्याच उत्तर व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत, युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात शिकत होता. अंगात पिवळा शर्ट, केस मागे मानेवर वाढवलेले. त्या पूर्ण गर्दीत गोरा नसलेला तो एकटाच. भाषण करता करता ॲलनने त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला की हा पिवळ्या शर्टवाला, मकाका की काय नाव त्याचं, हा माझ्या विरोधकाचा माणूस आहे, आमच्या मागे सगळीकडे फिरतो. मग वेबला टोमणा, की तो आत्ता हॉलिवुडवाल्यांबरोबर बसलाय, इथे कधी आला नाही आणि येणारही नाही. आणि शेवटी, या मकाकाचं स्वागत करूया, वेलकम टू अमेरिका, आणि व्हर्जिनियाच्या खऱ्या जगात स्वागत. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि ॲलन लगेच दहशतवादाविरुद्धच्या युद्धावर गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

पोराने कॅमेरा बंद केला नाही आणि उत्तरही दिलं नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय मी हाच मानतो. वीस वर्षांच्या मुलाला शंभरभर लोकांसमोर असं दाखवल्यावर एकतर तो ओशाळून निघून जाईल नाहीतर तोंड उघडेल, आणि दोन्हीपैकी काहीही केलं असतं तर व्हिडिओचा अर्थच बदलला असता.

शब्दाबद्दल थोडं. मकाका हे माकडांच्या एका मोठ्या गटाचं शास्त्रीय नाव, माथेरानला हातातलं कणीस पळवणारी माकडं त्यातलीच. फ्रेंच वसाहतींमध्ये मात्र ही आफ्रिकन लोकांना द्यायची शिवी होती. ॲलनची आई ट्युनिशियात वाढलेली, फ्रेंच बोलणारी, त्यामुळे लोकांनी दोन आणि दोन चार केलं. ॲलनचं म्हणणं, शब्द मी तिथल्या तिथे बनवला, अर्थ मला माहीत नाही. खरं खोटं त्याला ठाऊक, मी त्यात पडत नाही, कारण माझ्या मते मुद्दा तो शब्द नव्हताच.

वेबच्या लोकांपुढे काय पर्याय होते

त्यांच्या आतल्या मीटिंगमध्ये मी नव्हतो, पण बाहेरून बघता चार वाटा दिसतात. एक, टीव्हीची ॲड बनवून लगेच चालवायची, पण पैसे कुठायत, ॲलनची तिजोरी यांच्या कितीतरी पट भरलेली. दोन, ऑक्टोबरपर्यंत दाबून ठेवायचं आणि मतदानाच्या तोंडावर फोडायचं, राजकारणातली जुनी खोड. तीन, पेपरला द्यायचं. चार, नेटवर टाकायचं, यूट्यूब तेव्हा दीड वर्षाचं लेकरू होतं, गुगलने विकतसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांनी तीन आणि चार एकत्र केलं. सोमवारी १४ ऑगस्टला व्हिडिओ नेटवर आला, त्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टच्या साइटवर बातमी, मंगळवारी छापील अंकात. नुसत्या यूट्यूबवर असता तर चार पोरांनी बघितला असता, नुसत्या पेपरात असता तर "म्हणाला म्हणे" एवढंच राहिलं असतं. पेपरात वाचून लोक नेटवर जाऊन स्वतः बघायला लागले, ॲलनचा चेहरा, ते बोट, मागचं हसणं सकट. दाबून ठेवलं नाही हेही बरंच झालं त्यांच्यासाठी, कारण ऑगस्टमध्ये फोडल्यामुळे ॲलनला चुका करायला अडीच महिने मिळाले आणि त्याने ते वाया जाऊ दिले नाहीत.

ॲलनच्या लोकांनी काय केलं

इथे खरं प्रकरण आहे. पर्याय दोनच होते, उगाच लांबण नको. एक तर त्याच दिवशी पोराला फोन करून सरळ माफी, नाहीतर पूर्ण गप्प. त्यांनी तिसरंच केलं, म्हणजे स्पष्टीकरणं दिली.

आधी कॅम्पेनकडून सूर असा की माफी मागण्यासारखं काही घडलेलंच नाही. मग म्हणे त्या पोराच्या केसांवरून आमच्या लोकांनी त्याला मोहॉक असं टोपणनाव ठेवलं होतं, त्यातून तो शब्द झाला. आता मोहॉक म्हणजे बाजू भादरून मधे ताठ केसांचा पट्टा, आणि त्याचे केस होते मलेट कट, मागे लांब, फोटो सगळ्यांसमोर. मग म्हणे शब्द अर्थहीन आहे. मग ॲलनचं निवेदन की कोणाला वाईट वाटलं असेल तर माफी, म्हणजे आपल्याकडचं "भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी", जगभर एकच साचा! प्रत्येक नव्या खुलाशाला नवी बातमी, प्रत्येक बातमीत तोच व्हिडिओ परत. प्रत्यक्ष पोराला फोन करून ॲलनने माफी मागितली ती २३ ऑगस्टला, बारा दिवसांनी.

चार दिवसांनी, २७ ला, गणपती बसले. आमच्याकडचा गणपती एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन असायचा, चपला बाहेर बास्केटबॉल कोर्टाच्या पट्टीवर ओळीने. आरती झाली, प्रसादाच्या लायनीत एक काका माझ्या पुढे होते. तीसेक वर्षं अमेरिकेत, स्वतःचा छोटा इंजिनियरिंग धंदा, टॅक्स कमी म्हणून कायम रिपब्लिकनला मत, ॲलन गव्हर्नर असताना त्याच्याबरोबर काढलेला फोटो त्यांच्या बेसमेंटमध्ये लावलेला. मी सहज विचारलं, काय काका, तुमचा माणूस काय बोलून गेला. वाटलं की चिडतील. ते द्रोणातली खिरापत बोटाने गोळा करत म्हणाले, "तो शब्द मला कळला पण नाही रे, डिक्शनरीत बघायला लागला. पण वेलकम टू अमेरिका कोणाला म्हणतोय हा? तो पोरगा इथल्या हॉस्पिटलात जन्मलाय. हा कॅलिफोर्नियातून आलाय." मग जरा थांबून, "आमचा पण तेवढाच आहे ना, मागे केस पण तसेच वाढवलेत, सांगून ऐकत नाही."

मला तेव्हा कळलं की ॲलनचे लोक चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत बसलेत. शब्दाचा अर्थ काय, कुठून आला, मोहॉक का मलेट, यावर बारा दिवस घालवले, आणि ज्या वाक्याला अर्थ शोधावा लागत नाही त्याबद्दल सुरुवातीला कोणी बोललंच नाही. इथे जन्मलेल्या मुलाला पाहुणा ठरवलं, आणि खरा व्हर्जिनिया म्हणजे हा डोंगराकडचा, तुमचा फेअरफॅक्स खोटा, असंही त्याच वाक्यात सांगून टाकलं. फेअरफॅक्समध्ये तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक राहात होते आणि पलीकडे लाउडन काउंटीत दर महिन्याला नवीन टाउनहाउसच्या रांगा उभ्या राहात होत्या. यातले कितीतरी लोक दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या देशातून आलेले, ते गोरे असोत नाहीतर आपले.

पुढचे अडीच महिने

सप्टेंबरच्या सुरुवातीला ॲलनची आघाडी १६ वरून ४ वर आली. आणि एकदा दार उघडल्यावर जुनं सगळं बाहेर यायला लागलं. शाळेत असताना कॉन्फेडरेट झेंड्याची, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्याची, पिन लावलेला फोटो वसंत ऋतूतच एका मासिकात येऊन गेला होता, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नव्हतं, आता त्याला संदर्भ मिळाला. कॉलेजातले काही जुने सहकारी पुढे येऊन म्हणाले की हा तेव्हा काळ्या लोकांबद्दल घाणेरडा शब्द वापरायचा, ॲलनने साफ नाकारलं.

१८ सप्टेंबरच्या डिबेटमध्ये एका पत्रकार बाईने विचारलं, तुमच्या आईकडचे लोक ज्यू होते का. प्रश्न आगाऊ होता हे माझंही मत, पण ॲलन असा भडकला की जणू शिवी दिली, तुम्ही आरोप करताय वगैरे. दुसऱ्या दिवशी कबूल केलं की हो, आजोळ ज्यू आहे, आईने मला अलीकडेच सांगितलं. खरं तर ही गोष्ट माणूस म्हणून हलवून टाकणारी आहे, आजोबांना ट्युनिसमध्ये नाझींनी तुरुंगात टाकलेलं, आईने ती भीती आयुष्यभर पोटात ठेवलेली. हे त्याने शांतपणे सांगितलं असतं तर लोक त्याच्या बाजूने रडले असते. त्याऐवजी तो म्हणाला की मी आजही दुपारी हॅम सँडविच खाल्लं आणि आई पोर्क चॉप्स फार छान करायची. बस्स, ज्यूंना वर्ज्य ते डुक्कर पुढचे तीन दिवस बातम्यांत.

वेब काही धुतल्या तांदळाचा नव्हता बरं का. १९७९ मध्ये त्याने बायका लढू शकत नाहीत असा लेख लिहिला होता, ॲलनच्या बाजूने नेव्हल अकॅडमीतून पास झालेल्या बायका पुढे आल्या आणि म्हणाल्या की त्या लेखाने आमचं जिणं हराम केलं. वेबला खेद व्यक्त करावा लागला. हा घाव खरा होता, आणि ॲलनने त्यावरच जोर धरायला हवा होता असं मला वाटतं. पण ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी वेबच्या कादंबऱ्यांमधले चावट उतारे काढून प्रेसला दिले. युद्धावरच्या कादंबऱ्या, लिहिणारा स्वतः युद्धातला, लोकांना ते रडीचा डाव वाटलं. चांगला मुद्दा हातात असताना फालतू मुद्द्याने तो पुसून टाकला.

निकाल

७ नोव्हेंबरची रात्र. ॲलन बराच वेळ पुढे होता, मग उत्तर व्हर्जिनियाची मतं येत गेली आणि उशिरा वेब पुढे सरकला. मी दोन वाजेपर्यंत जागा, मत नसलेला माणूस, बायको म्हणाली तुला काय करायचंय, झोप. शेवटचा आकडा वेब ११,७५,६०६ आणि ॲलन ११,६६,२७७, फरक ९,३२९, जवळपास २३ लाख ७० हजार मतांमध्ये. टक्क्यात अर्ध्याच्याही आत. तिसरी एक उमेदवार होती गेल पार्कर, तिला २६,१०२ मतं, तिचं नाव आज कोणाला आठवत पण नाही.

फरक इतका कमी असला की व्हर्जिनियाच्या कायद्याने सरकारी खर्चाने फेरमोजणी मागता येते. ॲलनने मागितली नाही. ९ नोव्हेंबरला हार मान्य केली, आणि त्याबरोबर पूर्ण सिनेट डेमोक्रॅट्सकडे गेलं, ५१-४९, दोन अपक्ष धरून. या सगळ्या प्रकरणात त्याचा मला आवडलेला निर्णय हाच. मोजणी मशीनवरची होती, नऊ हजार मतं हलणार नव्हती, आणि एका राज्यासाठी देशभराचं सिनेट महिनाभर टांगून ठेवलं असतं. राष्ट्राध्यक्षपदाचा विषय अर्थात त्याच दिवशी संपला.

वेगळं काय करता आलं असतं

आधी एक सावधगिरी. ९,३२९ मतांची निवडणूक असली की काहीही निर्णायक ठरवता येतं. इराक युद्ध चिघळलं होतं, बुशवर लोक वैतागलेले, त्या रात्री रिपब्लिकन पक्षाने देशभरात सिनेटच्या सहा जागा घालवल्या. आधीच्या दोन्ही गव्हर्नर निवडणुका डेमोक्रॅट्स जिंकलेले, २००८ ला तर ओबामाने राज्य घेतलं. म्हणजे वारं फिरतच होतं. व्हिडिओ नसता तर ॲलन वाचला असता का? माझ्या मते हो, थोडक्यात वाचला असता. पण हे माझं मत, सिद्ध करता येणार नाही.

ॲलनच्या जागी असतो तर शुक्रवारी संध्याकाळीच, व्हिडिओ बाहेर यायच्या आधी, पोराला शोधलं असतं. पार्क केवढं, गर्दी केवढी, गाडी कुठली ते माहीत होतं. "बेटा चुकलो, तू आमच्याच राज्यातला आहेस" एवढं त्याच्याच कॅमेऱ्यासमोर म्हटलं असतं तर वेबच्या लोकांकडे दोन व्हिडिओ असते आणि त्यांना ठरवावं लागलं असतं कुठला दाखवायचा. पण हे व्हायला आधी कोणीतरी ॲलनला सांगायला हवं होतं की साहेब, गडबड झाली. आजूबाजूला सगळे हसणारे होते. तीन दिवस, शुक्रवार ते सोमवार, त्यांच्याकडे होते आणि त्यांना ते आहेत हेच कळलं नाही.

दुसरं, एकदा स्पष्टीकरण द्यायचं ठरवलंच तर एकच द्यायचं. चार दिली की लोक खरं कुठलं ते बघत नाहीत, चार का दिली ते बघतात. सोसायटीच्या एजीएममध्ये सेक्रेटरी हिशोब देताना बघा, हुबेहूब हेच.

वेबच्या बाजूनेही एक राहून गेलं असं मला कायम वाटतं. हा सगळा फायदा एका देशी पोराच्या अपमानावर मिळाला, पण आमच्या भागात वेबचे लोक आपल्या समाजाकडे खास असे आलेच नाहीत. मी त्या तीन महिन्यांत मंडळाच्या एकाही कार्यक्रमात त्यांचं माणूस पाहिलं नाही. मिलरविरुद्धचं ते नोकऱ्यांचं राजकारण आड आलं असेल, किंवा मतं आपोआप येतील असं वाटलं असेल. आली पण. काठावरच्या लढतीत मी ही जोखीम घेतली नसती.

पोराचं पुढे बरं झालं. युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्राच्या एका नामांकित प्राध्यापकाच्या सेमिनारला प्रवेश मिळवायला निबंध लिहायचा होता, त्याने तीन शब्दांत संपवला, इंग्रजीत, मी मकाका आहे, आणि प्रवेश मिळाला. वेब एकच टर्म राहिला, परत उभा राहिला नाही. २०१२ ला त्याच जागेसाठी ॲलन पुन्हा उतरला, प्रचारात त्या प्रसंगाबद्दल चूक झाली म्हणाला, आणि टिम केनकडून सहा टक्क्यांच्या आसपास फरकाने हरला.

काकांनी २००६ ला कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. पुढे दिवाळीला कधीतरी बेसमेंटमध्ये गेलो तेव्हा फोटो भिंतीवर होता. काकू चहा देताना एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी आम्ही एकाच गाडीतून मत द्यायला गेलो आणि जाता येता हे एक अक्षर बोलले नाहीत, माझं तर मे महिन्यातच ठरलं होतं.